बाटलीवरचं नाव

आमच्या ड्रेसिंग-रूममधला एक नियम मी स्वतः केलेला आहे आणि तो एकवीस वर्षं पाळला गेला. खरं नाव विचारायचं नाही, सांगायचं नाही, चुकून कानावर पडलंच तर विसरून जायचं. ओपल ती ओपल. डॅलस ती डॅलस, मग तिनं जन्मात टेक्सस पाहिलेलं असो वा नसो. पोरी स्टेजवर अंगावरचं सगळं उतरवतात, पण खरं नाव घरी ठेवून येतात, आणि ते तिथंच राहावं ही जबाबदारी माझी.

मी इथली हाउस-मॉम. आधी एकोणीस वर्षं मीही नाचले, मग गुडघ्यांनी हात जोडले. आता तुटलेल्या पट्ट्या शिवते, खोट्या पापण्यांचा गोंद पुरवते, कोणाला पाळी आली तर पॅड देते, आणि कोपऱ्यातल्या भांड्यात सकाळपासून चिली, म्हणजे राजमा-खिम्याचं तिखट कालवण, शिजत ठेवते. उपाशीपोटी उंच टाचांवर नाचलं की चक्कर येते हे मला कोणी शिकवायला नको. क्लब मला पगार देत नाही. पोरी जाताना माझ्या कॉफीच्या डब्यात जे टाकतील ते माझं. कागदावर मी कुठेच नाही, आणि याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. उलट बरंच वाटायचं. कागदावर नाही म्हणजे कोणाच्या बापाला जाब द्यायला नको.

हे सगळं सांगायचं कारण जूनिपर.

जूनिपर आमची दिवसपाळीची. वय चौतीस. अकराच्या ठोक्याला यायची, हातात लायब्ररीचं पुस्तक, आणि आल्या आल्या माझ्या चिलीत चमचा घालून म्हणायची, "मॉम, मीठ कमी आहे." मीठ कधीच कमी नसायचं. तिच्या डाव्या मनगटाचा सांधा पुरता वळत नाही. त्याची गोष्ट अशी, की तेव्हा आमच्या राज्यात कायदा होता, जिथे बायका पूर्ण कपडे काढतात तिथे दारू विकायची नाही. ऐकायला किती सभ्य! म्हणजे आमच्याकडे काउंटरवर संत्र्याचा रस आणि सोडा. आणि गिऱ्हाईक? ती बाहेर आपल्या ट्रकमध्ये बसून अर्धी बाटली रिचवून यायची. कोण किती प्यायलाय हे कोणी बघायचं नाही, कारण बघायला बारमनच नव्हता. दारावर माणूस ठेवा म्हटलं तर मालक कोस्टिगन म्हणायचा, "सोड्यावर दरवान पोसू का मी?"

असाच एक जण तीन नंबरच्या बूथमध्ये, म्हणजे एकट्या गिऱ्हाइकापुढं नाचायच्या आडोशाच्या खोलीत, जूनिपरबरोबर गेला आणि त्यानं तिचा हात पिरगळला. ती ओरडली. गाणं मोठ्यानं चालू होतं. मी भिंतीच्या पलीकडे, दहा पावलांवर, कांदा चिरत होते. मला काही ऐकू आलं नाही. हे मी अजून कोणासमोर धड बोलू शकत नाही.

हाताचं प्लास्टर निघायच्या आत ती राजधानीत गेली. तीन वर्षं जात राहिली, दर अधिवेशनाला, चार-पाच पोरींना गाडीत घालून. समितीसमोर बसून सांगायची, आम्हाला दारूचा परवाना द्या. हसायची लोकं. नाचणाऱ्या बायका आणि वर दारू मागतात! तिला दारू नको होती हो. तिला परवान्यामागून येणाऱ्या गोष्टी हव्या होत्या. दारावर माणूस, बूथमध्ये धोक्याचं बटण, प्यायलेल्याला बाहेर काढायचा हक्क. आणि शेवटी तो कायदा झाला. गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या भिंतीवर परवाना लागला, तेव्हा ही बया बूथमध्ये गेली आणि तीन नंबरचं लाल बटण दाबून आली. दारावरचा मोझेस धावत आला. "काय झालं, काय झालं?"

"काही नाही," ही म्हणाली. "येतोस का ते बघत होते."

मोझेस रागावला. मी मात्र आत येऊन रडले.

परवान्याबरोबर नियमही आले, छत्तीस पानं. स्टेजभोवती पिवळी रेघ, गिऱ्हाइकानं ती ओलांडायची नाही. प्रत्येकीला दारू खात्याचं कार्ड, खऱ्या नावाचं आणि फोटोचं; ती कार्डं कोस्टिगनच्या कपाटात. आणि आमच्या दाराची कडी गेली. परवान्याच्या जागेत कुठल्याही खोलीला आतून कडी असायची नाही, तपासणीला येणाऱ्याला सरळ आत शिरता आलं पाहिजे. पोरींनी कुरकुर केली. जूनिपरच त्यांना समजवायची, "दर कलमामागं एक कलम सोडावं लागतं गं. कडी दिली, बटण घेतलं."

तिला ती छत्तीस पानं पाठ होती. मी एकही वाचलं नव्हतं. मला वाटलं, नियम पुढच्या लोकांसाठी, मागच्या खोलीत काय नियम?

आता बाटलीचं. नाचायचा खांब प्रत्येक नाचाआधी पुसावा लागतो, नाहीतर आधीच्या पोरीच्या घामानं आणि तेलानं हात सुटतो आणि माणूस डोक्यावर आपटतो. सगळ्या जणी औषधाच्या दुकानातलं स्पिरिट फवारतात. पण मांड्यांवरून नुकताच वस्तरा फिरलेला असतो आणि खांब धरायचा तो मांड्यांनीच. जूनिपरची कातडी नाजूक. स्पिरिटनं तिला लाल चट्टे यायचे, मग पाणी सुटायचं. आमच्या काळी यावर एकच उपाय होता, सगळ्यात स्वस्तातली व्होडका. साखर नाही, रंग नाही, खांब कोरडा ठणठणीत, आणि कातडीला त्रास नाही. मी घरूनच फवाऱ्याची बाटली भरून आणायची. कितीतरी वर्षं आणली. दारू विकायला बंदी होती तेव्हाही ती आरशाखाली उभी असायची आणि कोणी ढुंकून बघितलं नाही, कारण परवाना नाही तिथे तपासणी कशाला?

ओपलला दुसऱ्याचं उचलायची खोड. जूनिपरची बाटली तीच संपवायची. म्हणून मी पांढरी चिकटपट्टी लावली आणि माझ्या मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहिलं: जूनिपर. मला सगळ्यावर नावं लिहायची सवय आहे. कंगव्यांवर, टाचांच्या बुटांच्या तळाला, फ्रीजमधल्या डब्यांवर. कोणाचं काही हरवू नये म्हणून.

ऑक्टोबरमधला मंगळवार, दुपारचे तीन. पेपर मिलची पहिली पाळी सुटून सात-आठ जण पुढे बियर घेऊन बसले होते. ओपल स्टेजवर. जूनिपर नुकतीच उतरलेली, गाऊन गुंडाळून माझ्या समोर चिली खात होती. दार उघडलं आणि करड्या जाकिटातली एक बाई आत आली, आणि आत आल्यावर तिनं दारावर टकटक केलं.

"माफ करा हं. मी मिसेस होल्टर, दारू खात्याकडून. नेहमीची तपासणी आहे. पाच मिनिटांत जाते."

बाईला जबरदस्त सर्दी होती. नाक लाल, डोळ्यांत पाणी, हातात रुमालाची गुंडाळी. मला तर दयाच आली. मी म्हटलं, "बसा हो. थोडी चिली घ्या, तिखट आहे, नाक मोकळं होईल."

"नको, ड्यूटीवर आहे," ती म्हणाली, पण हसली. मग कपाटं बघितली, फ्रीज बघितला, माझ्या डब्यात डोकावली. जायला वळली आणि आरशाखालची बाटली तिनं उचलली. नाकाशी नेली. त्या नाकाला काय कळणार होतं! सरळ खाली ठेवणार होती ती. तिच्या हातावरून मला दिसत होतं. फक्त विचारायचं म्हणून तिनं विचारलं, "हे काय, पाणी का?"

मी म्हणाले, "छे हो, व्होडका."

जूनिपरचा चमचा भांड्यात पडला.

आणि मी मूर्ख पुढे बोलतच राहिले. "स्पिरिटनं पोरींची कातडी जाते ना, म्हणून. जुना उपाय आहे. खांबाला चोळायची. पिते कोण असली! हिच्यानं तर उंदीरसुद्धा मरतील." मला त्यात अभिमान वाटत होता. माझ्या कसबाचं कोणीतरी सरकारी माणूस पहिल्यांदा विचारत होतं.

होल्टरबाईंचं हसू गेलं. रागावल्या नाहीत त्या. उलट त्यांचा चेहरा पडला, आपण विचारलं नसतं तर बरं झालं असतं असा.

"ड्रेसिंग-रूममध्ये दारू ठेवता येत नाही हो," त्या म्हणाल्या. "आणि बाहेरून आणलेली तर परवान्याच्या जागेत कुठेच नाही." मग त्यांनी बाटली फिरवली आणि चिकटपट्टी वाचली. "जूनिपर कोण?"

खोलीत डॅलसही होती, पापण्या लावत. तिनं आरशातून नजर हलवली नाही. आमच्यात कोणी कोणाला दाखवून देत नाही.

"मी," जूनिपर म्हणाली.

"थांबा, थांबा," मी मध्ये पडले. "बाटली माझी. व्होडका मी आणली, माझ्या पैशानं. ते अक्षरही माझंच. द्या मार्कर, आत्ता लिहून दाखवते. तिचा काही संबंध नाही."

"बरं," होल्टरबाई म्हणाल्या, आणि मला वाटलं सुटलो. त्यांनी हातातल्या पाटीला लावलेल्या यादीवरून बोट फिरवलं. "तुमचं कार्ड?"

"मी नाचत नाही आता."

"मग नोकरीवर कशाच्या? बार? साफसफाई?"

"मी हाउस-मॉम आहे."

त्यांनी यादी वरून खाली बघितली, मग खालून वर. "परवानाधारक, व्यवस्थापक, बार, सुरक्षा, नर्तक, गिऱ्हाईक. तुमचं काही यात बसत नाही हो. पगार कोण देतं?"

"कोणी नाही. पोरी देतात डब्यात."

"म्हणजे तुम्ही इथं कामाला नाही."

"एकवीस वर्षं आहे!"

"कागदावर नाही," त्या हळूच म्हणाल्या. नाक पुसलं. "हे बघा, मी तुमचं म्हणणं लिहून घेऊ शकते. पण मग मला असं लिहावं लागेल, की नोंद नसलेली बाहेरची व्यक्ती ड्रेसिंग-रूममध्ये दारू घेऊन शिरली. ते फार मोठं कलम आहे. त्यात परवाना जातो. निदान तीन महिने."

एव्हाना कोस्टिगन येऊन दारात उभा राहिला होता. वाळलेला माणूस, एका कानात यंत्र. त्याला सगळं ऐकू आलं होतं, नको तेव्हा येतंच. "तीन महिने?" तो म्हणाला. "चाळीस जणी आहेत माझ्याकडे."

"तुझी अक्कल कुठं गेली होती मला कागदावर घ्यायला?" मी ओरडले. "रोज खातोस ना माझी चिली?"

"मॉम," जूनिपर म्हणाली. "गप्प बस."

तिचा आवाज अगदी साधा होता. तिनं भांडं खाली ठेवलं, गाऊनची गाठ नीट केली.

"कलम एकोणीस लावा," ती होल्टरबाईंना म्हणाली. "जबाबदार व्यक्ती सापडली आणि त्याच दिवशी जागेतून काढली, तर क्लबला फक्त ताकीद. बाटलीवर माझं नाव आहे. सापडली व्यक्ती."

"तुम्हाला कलमं माहीत आहेत," होल्टरबाई म्हणाल्या.

"एकोणीस माझंच आहे. मीच मागितलं होतं. एकीच्या चुकीनं चाळीस जणी घरी बसू नयेत म्हणून."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं. आणि इथं तर फाशीचा दोर संन्याशानंच तीन वर्षं खपून वळलेला. मी मालकाकडे बघितलं. त्याला लाज वाटली असावी, तो गालिच्याकडे बघत होता. पण "नको" म्हणाला नाही. कपाटाकडे गेला आणि तिचं कार्ड घेऊन आला. मी तोंड फिरवलं. माझ्या नियमाप्रमाणे ते मी बघायचं नव्हतं.

एक वर्ष निलंबन. राज्यातल्या परवाना असलेल्या कुठल्याच क्लबात नाचता येणार नाही. दाद मागायची तर सुनावणी राजधानीत, फेब्रुवारीत, आणि तोवर निलंबन चालूच. होल्टरबाईंनी तिला सही कुठं करायची ते दाखवलं आणि जाताना मला म्हणाल्या, "तुम्ही नुसतं पाणी म्हणाला असतात तर मी..." वाक्य अर्धं सोडलं. कशाला बोलली ती बाई? तिच्या दयेनं मला जास्त जाळलं.

त्याच दिवशी म्हणजे त्याच दिवशी. मोझेसनं तिला गाडीपर्यंत सोडायचं, असा नियम. तो बिचारा तिची पिशवी धरून उभा, धडधाकट सहा फुटी माणूस, आणि डोळे पुसत होता. तिनंच तर त्याला इथं आणलं होतं.

मी तिच्या वस्तू गोळा करत होते. कंगवा, टाचांचे बूट, डबा, सगळ्यावर माझं अक्षर. "आता कुठं जाशील?" मी विचारलं.

"कॉर्बेलला."

कॉर्बेल पन्नास मैलांवर. तिथल्या क्लबानं परवाना घेतलाच नाही. काउंटरवर अजून संत्र्याचा रस. दारू नाही म्हणजे दारू खात्याचं कार्ड लागत नाही, तपासणी नाही, पिवळी रेघ नाही. दारावर माणूस नाही. बूथमध्ये बटण नाही.

"तिथं नको गं," मी म्हणाले. "दुकानात लाग कुठंतरी. एक वर्षाचा तर प्रश्न."

"मॉम, घरभाडं दुकानातून निघत नाही, तुला माहीत आहे."

"मग मी येते तिकडं. मी बसते बूथच्या बाहेर."

ती हसली. "ऐकू येतं का तुला?"

तिनं ते टोचायला म्हटलं नव्हतं, माझ्या कानांच्या वयावर आमची नेहमीची थट्टा. पण तिलाही लगेच कळलं आणि मलाही. तिनं माझे दोन्ही हात धरले, डावा हात जरा तिरका, तो तसाच येतो. म्हणाली, "तुझी चूक नाही." मी म्हटलं, "माझीच आहे." आम्ही दोघीही खरं बोलत होतो आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

ती गेल्यावर मी चार दिवस दारू खात्याला फोन लावत होते. दर वेळी वेगळा आवाज. "तुम्ही कोण बोलताय? परवानाधारक? नर्तक? वकील?" मी म्हणायची, बाटली माझी होती. "तुमचा कार्ड नंबर?" पाचव्या दिवशी मी कोस्टिगनला धरलं, म्हटलं आता तरी मला कागदावर घे, मागच्या तारखेनं घे. तो म्हणाला, "मागच्या तारखेनं घेतलं तर ती लबाडी होते, परवाना जातो." खरंच होतं ते. मला भांडायलाही कोणी सापडेना. जो भेटेल त्याचं म्हणणं बरोबर!

त्यानं मला पुढच्या तारखेनं मात्र घेतलं. आता मला पगार आहे, कार्ड आहे. माझा फोटो आहे त्यावर.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाकीट आलं. ताकीदपत्र. कोस्टिगननं ते माझ्या हातात दिलं, कारण पत्रावर लिहिलं होतं की ते कामगारांना दिसेल असं ड्रेसिंग-रूममध्ये तीस दिवस लावावं, झाकू नये, फाडू नये, त्यावर काही लिहू नये. लावायचं काम कागदावर माझं झालं होतं.

मी डोळे मिटून लावायचा प्रयत्न केला. खोटं नाही सांगत. पण कागद वाकडा लागला, सरळ करायला डोळे उघडावे लागले. ठळक अक्षरांत होतं. कॅरलिन रूथ टॅकेट. सहा वर्षं ती माझ्या हातचं जेवली आणि हे नाव मला एका सरकारी कागदावरून कळलं. सुंदर नाव आहे. तिच्या आजीचं असावं. मला उगाच वाटलं, रूथ म्हणून हाक मारली असती तर तिनं कसं वळून बघितलं असतं.

पोरी आल्या, एकेक करून वाचत गेल्या. डॅलसनं आपला आरसा बदलला, त्या भिंतीकडे पाठ होईल असा. ओपल खूप वेळ उभी राहिली. मग तिनं स्पिरिटची बाटली उचलली, स्वतःची, आणि स्टेजवर गेली.

कॉर्बेलहून मला फोन आलेला नाही. मी दोनदा केला, रेकॉर्ड केलेला आवाज लागतो. बूथमध्ये ती किती वाजता जात असेल याचा मी हिशेब करत बसते आणि दुपारी कांदा चिरताना गाण्याचा आवाज लहान करायला लावते. पोरी चिडतात. चिडू देत.

परवा एक नवी पोरगी आली, एकवीस-बावीसची, नाव सांगितलं सॅफ्रन. मी तिला जागा दाखवली, खुंटी दाखवली, बूथमधलं लाल बटण कसं दाबायचं ते तीनदा करून दाखवलं. मग तिच्या कंगव्यावर नाव लिहायला मार्कर उचलला आणि तसाच खाली ठेवला. आता मी कशावर नाव लिहीत नाही.

ती टाचांच्या बुटांचे पट्टे बांधत होती, नजर भिंतीवर गेली. वाकून वाचलं.

"मॉम, ही कॅरलिन रूथ टॅकेट कोण गं? काय केलं होतं हिनं?"

सगळ्या आरशांत सगळ्या पोरी थांबल्या. मी चिलीचं झाकण उघडलं, ढवळलं, मीठ चाखलं. बरोबर होतं.

"माहीत नाही बाई," मी म्हणाले. "आमच्यात त्या नावाची कोणी नव्हती."